नळदुर्गचा पाणीमहाल

मैत्रिणींनो, तुळजापूरला देवीच्या दर्शनाला जाल तेव्हा एक दिवस जास्त ठेवा आणि नळदुर्गचा किल्ला पाहून या. सोलापूर-हैदराबाद रस्त्यावरच आहे.

दुसऱ्या इब्राहिम आदिलशहाच्या काळात, १६१३ च्या सुमारास, इथे बोरी नदीला दगडी बांध घातला आणि त्याच्या पोटातच पाणीमहाल बांधला. पावसाळ्यात वरचे बोरी धरण भरून वाहू लागले, की ‘नर’ आणि ‘मादी’ या दोन सांडव्यांवरून पाणी धो धो कोसळते. महालात उभे राहावे तर समोर पाण्याचा पडदा!

‘माझी वसुंधरा’ अभियान २०२० साली सुरू झाले, तेव्हापासून गावोगावी भिंतींवर निसर्गचित्रे रंगवतात. चांगलेच आहे. पण पुष्कळदा त्यात बर्फाचे डोंगर नि देवदार असतात! आपल्या मुलांनी ते कुठे पाहिलेत? नळदुर्गला मात्र नदीच चित्र होते. पाऊस झाला तर चित्र जिवंत, नाही तर नुसते कोरडे दगड. उन्हाळ्यात टँकरची वाट पाहणाऱ्या आपल्या जिल्ह्यातल्या बायकांना त्याचा अर्थ वेगळा सांगायला नको.

मुलांना विचारा, हे पाणी पुढे कुठे जाते? भीमेला. काठावर कोणते पक्षी दिसले? घरी आल्यावर तेच काढायला सांगा. शाळेची भिंत रंगवायची असेल, तर आपली बोरी, आपला लिंब, आपली बाभूळ नि खंड्या काढा, असा आग्रह आपणच धरायला हवा.

जाताना डबा न्या, रिकाम्या पिशव्या परत आणा. आणि शेवाळलेल्या पायऱ्यांवर मुलांचा हात सोडू नका हं!