श्रवणयंत्र कीं शस्त्रक्रिया?

दृष्टि मंद झाली म्हणजे मनुष्य निःसंकोच चष्मा लावतो. कान मंद झाले म्हणजे मात्र ऐकूं आल्याचें सोंग करतो, आणि हळूहळू भरल्या घरांत एकटा पडतो. आम्हांसही वर्षभर घरांतील बोलणें ऐकूं येई, पण उमगत नसे. 'सात' कीं 'हात' हें संदर्भावरून ताडावें लागे. चिरंजीवांनीं कॉक्लिअर इम्प्लांटची गोष्ट काढली; आमच्या कुटुंबास शस्त्रक्रियेचें नांवही सोसेना.

नैयायिक कर्णशष्कुलींतील आकाशासच श्रोत्र म्हणतात. आधुनिक शारीरशास्त्र त्याच्याही आंत, शंखाप्रमाणें वळलेल्या कॉक्लियापर्यंत पोंचतें. तेथील सुमारें १५,००० सूक्ष्म केशपेशी ध्वनिकंपनांचे विद्युत्संदेश करून श्रवणनाडीच्या स्वाधीन करतात. नष्ट झालेल्या पेशी पुनः उगवत नाहींत. वार्धक्यांत उंच पट्टीचे ध्वनि प्रथम लोपतात. म्हणून स्वर ऐकूं येतात, पण स, श, त, थ यांसारखीं अघोष व्यंजनें निसटतात.

श्रवणयंत्र ध्वनि मोठा करून उरलेल्या पेशींकडे पाठवितें. इम्प्लांट त्यांस वगळून, शंखांत बसविलेल्या इलेक्ट्रोडांनीं थेट श्रवणनाडीस चेतवितें. ज्यांचे वडील बहिरेपणानें ग्रासलेले होते, त्या ग्रॅम क्लार्क यांनीं १९७८ सालीं मेलबर्न येथें अनेक इलेक्ट्रोडांचें असें यंत्र एका रुग्णास बसविलें. परंतु याचा खर्च लाखांच्या घरांत जातो. उरलेलें नैसर्गिक श्रवणही जाण्याचा संभव असतो. आणि आरंभीं माणसांचे आवाज यांत्रिक भासत असल्यानें मेंदूस कित्येक महिने नवी बाराखडी गिरवावी लागते.

तेव्हां कोणतें यंत्र श्रेष्ठ, हा प्रश्नच नव्हे. नीट जुळविलेलें श्रवणयंत्र लावून, बोलणाराचे ओंठ न पाहतां, शब्द कितपत ओळखतां येतात, हा खरा प्रश्न. श्रवणतज्ज्ञानें ही परीक्षा घेतली. बहुतेक शब्द आम्हीं ओळखले आणि घरांतील वाद मिटला. आम्हांस श्रवणयंत्र पुरेसें आहे. ज्यांस यंत्र लावूनही ध्वनि मिळतो पण वर्ण मिळत नाहींत, त्यांनीं केवळ वयाकडे पाहून इम्प्लांट नाकारूं नये. जन्मतः बधिर बालकाच्या बाबतींत तर तज्ज्ञाकडे जाण्यास विलंब नकोच. भाषा शिकण्याचीं तीं वर्षें परत येत नाहींत.

घरच्या मंडळींस एकच विनंति. यंत्र कोणतेंही असो, वृद्धाशीं समोर येऊन, सावकाश बोलावें, ओरडूं नये. ओरडल्यानें स्वर फुगतात, व्यंजनें होतीं तेथेंच राहतात.