टाकणे आणि पोचवणे

दिवाळीच्या फराळाचे डबे बांधण्याचे काम आमच्या घरी माझ्या धाकट्या भावाकडे असते. त्याला चकली पाडता येत नाही की करंजीला मुरड घालता येत नाही. पण डबा बांधावा तर त्यानेच! खाली कागदाचा थर, वर कापड, त्यावर उभी-आडवी दोरी. गाठ मारली की तो ती दोनदा ओढून पाहतो. पुण्याहून नागपूरला जाणाऱ्या चिवड्यासाठी एवढा खटाटोप कशाला, म्हणून मी दरवर्षी त्याची थट्टा करते. यंदा ती माझ्याच अंगाशी आली.

भाऊ लष्करात होता. विमानातून सामान खाली टाकण्याचे त्याचे काम. गच्चीवरून किल्ली टाकावी तसेच ते असेल, अशी माझी आपली समजूत.

"टाकतात कचरा, ताई," तो म्हणाला. "आम्ही सामान पोचवायचो."

मग त्याने समोरच्या पाटावर लाडवाचा डबा ठेवून मला सारे समजावून सांगितले. जीप किंवा तोफ एका भक्कम तक्त्यावर पट्ट्यांनी आवळायची. खाली मधाच्या पोळ्यासारखे कागदी ठोकळे घालायचे. जमिनीवर आदळताना ते स्वतः चुरडतात आणि वरच्या सामानाचा मार आपल्या अंगावर घेतात. विमानाचे मागचे दार उघडले की आधी एक छोटी छत्री बाहेर फुगते आणि ते टनावारी ओझे रुळांवरून खेचून नेते. मोठ्या छत्र्या उघडतात त्या त्यानंतर. ओझे शेपटीकडे सरकू लागताच विमानाचे नाक वर उचलते. ते बाहेर पडताच विमान एकदम हलके होते. हे दोन्ही क्षण वैमानिकाने सांभाळायचे.

"आणि ओझं मध्येच अडलं तर?" मी सहज विचारले.

तो थोडा थांबला. "एकदा अडलं होतं."

सरावाचे उड्डाण होते. छत्री बाहेर फुगली, ओझे हातभर सरकले आणि रुतून बसले. आता ती छत्री साऱ्या विमानालाच मागे ओढू लागली. वेग घटत चालला. जमीन फार खाली नव्हती. छत्रीचा बंध तोडायचा हुकूम आला, आणि ते काम भावाचे होते.

"त्या वेळी आईची आठवण झाली असेल रे?"

"खोटं कशाला सांगू? मला फक्त तो बंध दिसत होता."

बंध तुटला. ओझे पुन्हा जखडून विमान सुखरूप उतरले. एका पट्ट्याचे मोकळे टोक रुळात अडकले होते. "तो पट्टा मीच तपासला होता, ताई. एकदाच ओढून पाहिला होता." साहेबांना त्याने लगेच सांगितले, घरी सांगायला मात्र इतकी वर्षे लागली.

मला एकेक गोष्टी आठवू लागल्या. ११ डिसेंबर १९७१ रोजी टांगाईलवर आपली मराठा पॅरा पलटण उतरली, हे आम्ही अभिमानाने सांगतो; पण त्यांच्याबरोबर उतरलेल्या तोफा कोणी आवळून बांधल्या होत्या, हे कधी विचारले नाही. २०१६ च्या एप्रिलमध्ये जर्मनीत अमेरिकी सैन्याच्या सरावात तीन लष्करी गाड्या छत्र्यांपासून सुटून जमिनीवर आदळल्या. ८ मार्च २०२४ ला गाझात अन्नाची खोकी छत्री न उघडता कोसळली आणि पाच माणसे गेल्याची बातमी आली. ती माणसे भुकेली होती; वर पाहत खोक्यांची वाट बघत होती. आकाशातून येणारी मदतदेखील कुणीतरी नीट बांधलेली असावी लागते.

आणि अशा माणसाच्या गाठीला मी वर्षानुवर्षे हसत आले!

भावाने नागपूरचा डबा बांधून माझ्यापुढे सरकवला. "बघ गं, घट्ट आहे का?"

मी गाठ ओढून पाहिली. मग, त्याने काही म्हणायच्या आत, पुन्हा एकदा ओढली.