कर्ता अध्याहृत

इंग्रजीतला 'पॅसिव्ह व्हॉइस' मी तीस वर्षे शिकविला. पण तो मला समजला एका मुलाचे वर्ष बुडाले तेव्हा.

सेवाग्रामजवळच्या एका शाळेत मी मास्तर होतो. आमच्या मुलांची पहिली ठेच ठरलेली असे. मराठीच्या तासाला 'रामाने आंबा खाल्ला' हा कर्मणी प्रयोग. क्रियापद आंब्यामागून चालते. आंब्याच्या जागी चिंच आणली की लगेच 'खाल्ली' होते. म्हणून इंग्रजीच्या तासाला पोरे हेच वाक्य बेधडक पॅसिव्हमध्ये घालीत. मी सांगे, "बाबांनो, आपला प्रयोग क्रियापद कोणामागून चालते ते पाहतो, इंग्रजीतला व्हॉइस गादीवर कोण बसला आहे ते पाहतो. 'राम एट द मँगो', गादीवर राम, हा ॲक्टिव्ह. 'द मँगो वॉज ईटन बाय राम', गादीवर आंबा, आणि राम 'बाय'चे बोट धरून शेवटी उभा. त्याला अजिबात गाळला तरी वाक्य पुरे होते!"

ही शेवटची सोय मी किती सहज शिकवीत असे!

१९८१ साली एका शेतमजुराच्या मुलाचा परीक्षेचा अर्ज माझ्या खणात राहून गेला. मुदत टळली. मुख्याध्यापकांनी खुलासा मागितला. मी तो मुद्दाम इंग्रजीत दिला: 'द फॉर्म वॉज मिसप्लेस्ड.' वाक्य निर्दोष. आणि मीही निर्दोष!

दुसऱ्या दिवशी मुलाचा बाप आला. हात जोडून म्हणाला, "गुरुजी, अर्ज हरवला म्हंतेत. कोनं हरवला जी?"

त्याला अक्षरओळख नव्हती. पण मी गाळलेला कर्ता त्याने नेमका मागितला. मी मान खाली घातली.

संध्याकाळी आश्रमात गेलो. बापूकुटीच्या मातीच्या भिंतीपाशी बसलो असता १९१९ सालची गोष्ट आठवली. लोकांची तयारी होण्याआधीच त्यांना सविनय कायदेभंगाची हाक दिली, ही आपली चूक हिमालयाएवढी आहे, असे गांधीजींनी नडियादच्या भरसभेत सांगितले होते. तिथे कर्ता गादीवरून उठला नव्हता.

सकाळी त्या बापाच्या दारात जाऊन म्हटले, "अर्ज मी हरवला." मुख्याध्यापकांनाही तसेच लिहून दिले. नवल पाहा, हाही कर्मणी प्रयोगच! क्रियापद अर्जामागून जाते, पण 'मी' जागचा हलत नाही.

मुलाचे वर्ष काही परत आले नाही. पुढल्या वर्षी तो पास झाला, एवढेच समाधान.

परंतु वाचकहो, खोड जात नाही. वर मी 'अर्ज खणात राहून गेला' असे लिहिले आहे; तुमच्या लक्षात आले का? अर्ज आपोआप राहत नसतो. तो मी खणात टाकला आणि मी विसरलो.