पाळ कोणाची?

दुपारी पाऊस उघडला आणि मी धानाच्या बांधीकडे निघालो. वाटेत बोडीचा, म्हणजे आमच्या लहान तलावाचा, सांडवा बेशरमाच्या फांद्यांनी आणि पन्न्यांनी तुंबलेला दिसला. या आठवड्यात तिसऱ्यांदा. तिन्ही वेळा मी पाहिलं आणि पुढे गेलो. आज शेजारचे काका भेटले. म्हणाले, "सरकारचा हाये ना तलाव, करतील ते." मीही मान डोलावली.

रात्री ती मान टोचते आहे.

आपला भंडारा तलावांचा जिल्हा. कोहळी समाजाच्या पूर्वजांनी उतार पाहून तलावांच्या पाळी बांधल्या, पाट काढले, त्यावर धान पिकलं. 1950च्या कायद्याने मालगुजारी, म्हणजे गावच्या जमीनदारांची मालकी, गेली आणि बरेच तलाव सरकारजमा झाले. जुनं सगळं सोन्याचं नव्हतं. त्या श्रमात बेगारही होती. पण मालकी बदलली तशी 'आपला तलाव' ही भाषाही आटली. गाळ साचत गेला, बेशरम वाढत गेलं.

मोठा गाळ काढायला यंत्र हवं, निधी हवा. ते सरकारचंच काम आणि ते मागायलाच हवं. पण सांडव्यातली पन्नी उचलायला कोणता ठराव लागतो? गाडगेबाबा गावात शिरले की आधी हातात खराटा घ्यायचे, कीर्तन नंतर.

उद्या पहाटे फावडं घेऊन जाईन. काकांनाही हाक मारीन. आले तर दोघे, नाही आले तर एकटा. पाणी तुंबलं तर बांधी माझीही बुडणार आहे.