रिकामी आहे ना?

2003 सालची गोष्ट. अमेरिकेत राहताना मला जुन्या लष्करी रायफली जमवण्याचा छंद जडला होता. तिथे कायद्याने तशी मुभा आहे. आपल्याकडे मात्र .303 हा निषिद्ध बोअर. एका प्रदर्शनातून मी कोलकात्याजवळच्या ईशापूर कारखान्यात बनलेली .303 ली-एनफिल्ड आणली, ती खास अण्णांसाठी. पायदळात असताना त्यांनी हीच रायफल खांद्यावर वागवली होती.

अण्णा आले. मला वाटले, रायफल पाहून ते गहिवरतील. पण त्यांनी आधी नळी जमिनीकडे वळवली, बोल्ट उघडला आणि आत बोट घालून पाहिले.

"रिकामीच आहे, अण्णा."

"रिकामी समजलेली बंदूकच घात करते."

मग चष्मा लावून ते एकेक खूण वाचू लागले. बोल्टवरचा क्रमांक रायफलीच्या क्रमांकाशी जुळत नव्हता. त्याहून वाईट म्हणजे तिच्यावर 'डीपी' अशी अक्षरे होती. विक्रेत्याने त्याबद्दल चकार शब्द काढला नव्हता.

"ही फक्त कवायतीची. झाडायची नाही. फुटली तर डोळा जाईल."

रविवारी चालवून पाहायची म्हणून मी काडतुसेसुद्धा आणून ठेवली होती!

म्हणून नवशिक्यांना सांगतो, आधी आपल्या देशाचा कायदा पाहा. खुणा वाचा, क्रमांक जुळवा, जाणत्या कारागिराने तपासल्याशिवाय गोळी झाडू नका.

अण्णा आता नाहीत. ती रायफल बोल्ट काढून भिंतीवर टांगली आहे. तरीही पुसायला घेतली, की माझे बोट आधी आत जाते.