पाचवा अर्थ

आमच्या नातीला शाळेतून घरचा अभ्यास मिळाला होता. ‘पास’ या इंग्रजी शब्दाचे पाच अर्थ लिहून आणायचे. दिवाळीच्या सुटीतला अभ्यास, आणि तोही ऐन चकल्यांच्या घमघमाटात! साहजिकच तो माझ्याकडे आला. घरात जी कामे कोणालाच नको असतात ती शेवटी निवृत्त माणसाच्या वाट्याला येतात, असा माझा अनुभव आहे.

“आजोबा, पाचच हवेत हं,” वही उघडून तिने बजावले, “जास्त सांगत बसू नका.”

चार अर्थ तर मी हातातली चकली संपायच्या आत सांगितले. परीक्षेत पास होणे हा पहिला. लोकलचा पास हा दुसरा. चेंडू पास करणे तिसरा आणि सभेत ठराव पास होणे चौथा. पाचव्याला मात्र मी अडलो. अर्थ सुचेना म्हणून नव्हे. एकदम फार सुचले म्हणून.

या शब्दाने आपल्याकडे किती ठिकाणी बिऱ्हाड केले आहे, हे तुम्हीही कधी मोजून पाहा. नाटकाचा फुकटचा पास असतो. कचेरीत बिल पास होण्यासाठी माणूस हेलपाटे घालतो. बँकेत पासबुक आणि परदेशी जायला पासपोर्ट. साताऱ्याला नोंदलेली मोटार ‘सातारा पासिंग’ची होते. गावाला वळसा घालून जाणारा रस्ता बायपास, आणि डॉक्टरांनी माझ्या छातीत जो नवा रस्ता काढून दिला तोही बायपासच! गाडीत शेंगदाणेवाला ‘टाइमपास’ म्हणून ओरडत येतो. इंग्रजांनी ‘पास’ आणि ‘टाइम’ हेच दोन शब्द जोडून करमणुकीला शब्द केला होता, ‘पासटाइम’. आपण त्याचे डोके पायाकडे केले आणि वर चार आण्यांचे दाणे ठेवले.

ऑक्सफर्डच्या महाकोशाची पहिली आवृत्ती १९२८ साली पुरी झाली, तेव्हा ‘सेट’ या इवल्याशा शब्दाने तिच्यात सर्वांत जास्त जागा अडवली होती, असे सांगतात. तो मान ‘पास’ला मिळाला नाही, पण त्याचे घराणे मोठे आहे. लॅटिनमधला ‘पास्सुस’ हा त्याचा मूळपुरुष. पास्सुस म्हणजे पाऊल. रोमन शिपायांची असली हजार दुहेरी पावले म्हणजे एक मैल; ‘मैल’ हा शब्दही त्या ‘हजारा’तूनच आला. पाऊल टाकणे, पलीकडे जाणे, एवढाच ‘पास’चा मूळ धर्म. त्यात न्यायनिवाडा नाही, शंभरपैकी पस्तीस नाहीत.

आपण मात्र हा चालता शब्द धरून आणला आणि दारावर पहारेकरी म्हणून उभा केला. आत येणारा पास, बाहेर राहिला तो दुसरा. त्या दुसऱ्यासाठी इंग्रजी शब्द होता. पण तो आपल्याला पुरेसा बोचरा वाटला नसावा. म्हणून ‘नालायक’, ‘नापसंत’ यांच्यातला फारसी ‘ना’ आणून आपण तो इंग्रजी ‘पास’ला चिकटवला, आणि ‘नापास’ हा अस्सल मराठी शब्द तयार केला. चहापोह्यांच्या कार्यक्रमानंतर मुलीसुद्धा याच शब्दाने पास-नापास होत असत. ज्या घरात इंग्रजीचे दुसरे अक्षर कोणाला येत नव्हते, त्या घरातही हे दोन शब्द ठाऊक होते.

मला ते १९६६ सालच्या जूनमध्ये नीट कळले. त्या काळी शालान्त परीक्षेचा निकाल वर्तमानपत्रात छापून येई. पास झालेल्यांचे नुसते क्रमांक, बारीक टाइपात, रकानेच्या रकाने. नापासांची यादी नसे. माझ्या क्रमांकाच्या अलीकडचा क्रमांक होता, पलीकडचाही होता. मधे शाईचा ठिपकासुद्धा नव्हता. माझे बोट त्या जागेवर बराच वेळ होते. आईने विचारले, “सापडला का रे?” मी काहीच बोललो नाही. तिला समजले.

अण्णा कल्याणला रेल्वेच्या पार्सल कचेरीत कारकून होते. संध्याकाळी घरी आले, वर्तमानपत्र पाहिले, घडी घालून फडताळात ठेवले. रागावले नाहीत. ते रागावले असते तर बरे, असे मला वाटत राहिले. दोन दिवसांनी म्हणाले, “कपडे भर. पुण्याला आत्याकडे जाऊन येऊ. पास काढलाय.”

रेल्वेच्या नोकरांना मिळणारा तो पास मी ओळखत होतो. त्यावर नावे आणि नाती लिहिलेली असत. अण्णांच्या वळणदार अक्षरात त्यावर ‘मुलगा’ असे होते. त्या आठवड्यात माझे नाव ज्यावर लिहिले गेले असा तेवढाच एक कागद.

कर्जतपर्यंत अण्णा अवाक्षर बोलले नाहीत. कर्जतला गाडी थांबली तेव्हा त्यांनी मला खाली उतरवले, दोन बटाटेवडे घेतले आणि गाडीच्या पार शेपटाकडे नेले. पाऊस भुरभुरत होता. मागून इंजिने येऊन गाडीला लागत होती. रेल्वेतली माणसे त्यांना ‘बँकर’ म्हणतात.

“ही कशाला लावतात, माहीत आहे?”

“घाट चढायला.”

“सदतीस फुटांत एक फूट चढ आहे,” अण्णा म्हणाले. “१८६३ साली हा घाट सुरू झाला, तेव्हापासूनचा चढ. पुढचं इंजिन काही वाईट नसतं रे. कल्याणहून इथवर त्यानंच आणलं ना गाडीला? चढच तसा आहे. मागून कोणीतरी लागतं.” आणि वड्याचा कागद चुरगाळत म्हणाले, “ऑक्टोबरचा फॉर्म भरू. गणित मी घेतो तुझं.”

मग खंडाळ्यापर्यंत आम्ही दोघे खिडकीतून धबधबे पाहत राहिलो. रोज रात्री कचेरीतून आल्यावर त्यांनी माझे गणित घेतले, आणि ऑक्टोबरात मी पास झालो. तो निकाल मला फारसा आठवत नाही. कर्जतचा फलाट आठवतो.

अण्णा १९८४ साली गेले. त्यांच्या एका जुन्या साहेबांचे इंग्रजीत टंकलेले सांत्वनपत्र आले. आई म्हणाली, “वाच.” मी इंग्रजीतच वाचू लागलो. पहिल्याच ओळीत ‘पास्ड अवे’ हे शब्द होते. आईला इंग्रजीतले मोजके शब्द येत. त्यांतला एक तिने पकडला.

“पास झाले म्हणतात का रे ते?”

मला काय सांगावे ते कळेना. चूक दुरुस्त करावी तर ती चूक तरी कुठे होती? मी म्हणालो, “पुढे गेले, असं म्हणतात ते.”

आई थोडा वेळ गप्प राहिली. मग पदराने डोळे पुसत म्हणाली, “म्हणजे वरच्या वर्गात गेले.” आणि पत्र माझ्याकडून घेऊन तिने फडताळात ठेवले.

“आजोबा, पाचवा!” नातीने वहीवर पेन्सिल आपटली.

“घाट,” मी म्हणालो. “डोंगरातून पलीकडे जायची वाट. इंग्रजीत तिलाही ‘पास’च म्हणतात. लिही.”

तिने लिहिले. मग मान तिरकी करून अक्षराकडे पाहत तिने विचारले, “पण घाट कुठे पास होतो?”

“तो नाही होत. आपण होतो,” मी म्हणालो. “तुझी सुटी संपायच्या आत आपण पुण्याला जाऊ. कर्जतला खाली उतरू. तुला एक इंजिन दाखवायचं आहे.”

“पुढचं?”

“नाही,” मी म्हणालो, “मागचं.”