हाराजुकूचा रविवार

जपान म्हटलें कीं आमच्या सुशिक्षित कुटुंबांत फुजी पर्वत, चेरीचा बहर आणि किमोनो यांचें चित्र डोळ्यांपुढें उभें राहतें. तें चित्र खोटें नव्हे. परंतु ज्यास जपानी तरुणांचें मन पाहावयाचें असेल, त्यानें तोक्यो शहरांतील हाराजुकू या पेठेंत एखादा रविवार घालवावा. या पेठेचे आम्ही भक्त आहों, हें आरंभींच सांगून टाकलेलें बरें. म्हणजे पुढें आमच्या लेखणीस थोडा अधिक उत्साह चढला, तर वाचक क्षमा करतील.

स्टेशनाच्या एका अंगास सम्राट मेइजी यांच्या स्मरणार्थ १९२० सालीं स्थापिलेलें देवस्थान आहे. त्याच्या भोंवतालचें अरण्य आपोआप उगवलेलें नसून, देशभरांतून लोकांनीं अर्पण केलेल्या सुमारें १,००,००० झाडांचें आहे. दुसऱ्या अंगास त्याच देवस्थानाकडे येणारा ओमोतेसांदो हा वृक्षाच्छादित राजमार्ग, आणि जवळच ताकेशिता ही अवघी ३५० मीटर लांबीची गल्ली. इकडे लांकडी तोरणापाशीं मस्तक लववणारे भाविक, तिकडे गुलाबी केसांच्या मुली. मध्यें काय तो रेल्वेवरचा एक पूल!

सुटीच्या दिवशीं त्या गल्लींत पाय उचलण्याचे श्रम पडत नाहींत, मागचे लोकच पुढें नेतात. चित्रविचित्र मोजे, केसांच्या चिमट्या, लेस लावलेले झगे, बाहुल्या यांनीं दुकानें ओसंडत असतात. आमच्या धिरड्याची बहीण शोभेल अशी एक पातळ पोळी येथें फळें व साय भरून, सुरळी करून हातांत देतात. तिच्या पिठांत अंडें असतें, हें शाकाहारी वाचकांनीं ध्यानांत ठेवावें.

ही पेठ अशी कां झाली, याचें उत्तर युद्धोत्तर इतिहासांत आहे. आज जेथें योयोगी उद्यान आहे, तेथें युद्धानंतर अमेरिकन लष्कराची वसाहत होती. त्या कुटुंबांच्या सोयीसाठीं ओमोतेसांदोवर परदेशी वस्तूंचीं दुकानें निघालीं. १९६४ च्या ऑलिंपिक सामन्यांच्या वेळीं ती जागा जपानला परत मिळाली, १९६७ सालीं उद्यान खुलें झालें, आणि त्या दुकानांची चटक लागलेले तरुण येथेंच रेंगाळूं लागले. पुढें १९७७ पासून रविवारीं येथील रस्ते वाहनांस बंद करण्यांत येऊं लागले. या व्यवस्थेस जपानींत ‘पादचाऱ्यांचा स्वर्ग’ या अर्थाचें नांव आहे, आणि तें अगदीं सार्थ होतें. भडक रंगांचे सैल अंगरखे घालून शेंकडों मुलेंमुली त्या मोकळ्या रस्त्यावर नाचूं लागलीं. ज्या दुकानांतून ते कपडे येत, त्याच्या नांवावरून त्यांस ‘ताकेनोको’, म्हणजे बांबूचे कोंब, असें म्हणत.

यांत काय मोठेंसें, असें घरांतील वडील मंडळी विचारतील. त्यांनीं या मुलांचा आठवडा पाहावा. सोमवारपासून शाळेचा गणवेश. शिक्षण संपत आलें कीं नोकरीच्या मुलाखतींसाठीं सर्वांचा एकसारखा काळा सूट. या दोन गणवेशांच्या मध्यें जी चिंचोळी फट उरते, तिचें नांव हाराजुकू.

‘फ्रूट्स’ या मासिकाचे जुने अंक चाळतांना आम्हांस हें विशेष जाणवलें. आओकी शोइची या छायाचित्रकारानें १९९७ सालीं तें काढलें. पानभर एका मुलाचें किंवा मुलीचें चित्र, आणि खालीं वय, व्यवसाय व कोणतें वस्त्र कोठून आणलें याची नोंद. त्या नोंदींत ‘जुन्या बाजारांतून’ आणि ‘स्वतः शिवलेलें’ हे शब्द वारंवार येतात. आजीच्या किमोनोचें कापड आणि विलायती बूट एकाच अंगावर सुखानें नांदतात. यास केवळ पाश्चात्यांचें अनुकरण म्हणणाऱ्यांनीं ‘लोलिता’ नांवाचा वेष पाहावा. नांवावरून एक प्रसिद्ध कादंबरी आठवून कोणी नाक मुरडील, परंतु वेष अत्यंत मर्यादशील आहे: बंद गळा, गुडघ्यापर्यंत घेरदार झगा, लांब मोजे, हातांत छत्री. पुरुषांनीं पाहावें म्हणून नव्हे, तर आपल्या मनांतील बाहुली आपणच व्हावें म्हणून तो घालतात. नवा झगा सहज ३०,००० येनांच्या घरांत जातो. म्हणूनच या पंथाच्या ‘गॉथिक अँड लोलिता बायबल’ या नियतकालिकांत कापडाच्या बेतणीचे नमुने येत. बेतणीचा कागद असलेलें मासिक वाईट वळणाचें आहे, असें कोणती गृहिणी म्हणेल?

रस्त्यावरचे कपडे टिपून ठेवण्याची ही हौस तोक्योस नवी नाहीं. १९२३ च्या भूकंपानें शहर उद्ध्वस्त झाल्यावर कोन वाजिरो या विद्वानांनीं नव्यानें उभ्या राहणाऱ्या नगरजीवनाचीं टिपणें काढण्यास आरंभ केला. १९२५ सालीं गिन्झा भागांत सहकाऱ्यांसह उभें राहून त्यांनीं येणाऱ्याजाणाऱ्यांच्या पोशाखांची शिरगणतीच केली. पुरुषांत शेंकडा ६७ विलायती पोशाखांत निघाले, बायकांत शेंकडा १! हा वृत्तांत ‘फुजिन कोरॉन’ या स्त्रियांच्या मासिकानें छापला. पुरुषांनीं कोट चढवून पुढें जावें आणि जुनें तें घरच्या बायकांनीं सांभाळावें, ही वांटणी आमच्या वाचकभगिनींस अपरिचित वाटूं नये. ज्यांच्या आज्यांनीं तो भार वाहिला, त्याच मुली पुढें पुलावर हवा तो वेष करून उभ्या राहिल्या. आम्हांस त्यांचें कौतुक वाटतें तें याचसाठीं.

परंतु गोंगाट, कचरा आणि वाहतुकीची अडचण यांच्या तक्रारी वाढल्या, आणि १९९८ सालीं तो ‘स्वर्ग’ बंद झाला. रस्ता मोटारींस परत मिळाला. पोशाख एका दिवसांत नाहींसे झाले नाहींत; पण एकमेकांस पाहण्याची व दाखविण्याची विनामूल्य जागा गेली, ती गेलीच. स्वस्त तयार कपड्यांचीं मोठीं दुकानें आलीं, भाडीं चढलीं. २०१७ सालीं आओकी यांनीं ‘फ्रूट्स’ बंद केलें. टिपण्याजोगीं मुलें आतां दिसत नाहींत, असें त्यांनीं कारण दिलें. लोलितांचें तें नियतकालिकही त्याच वर्षीं थांबलें. आम्हांस हा केवळ फॅशनचा ओहोटीकाळ वाटत नाहीं. नगरपित्यांनीं वाहतूक मोजली, तेव्हां मुलांचा रविवार कोणी मोजला नाहीं.

आज पुलावर पाहुणेच अधिक. कॅमेरे पुष्कळ, टिपण्यासारखें थोडें. तरी क्वचित् एखादी बाहुली छत्री सांवरीत येते. तिचें चित्र घ्यावयाचें तर आधीं तिची अनुमति विचारावी; त्यावांचून कॅमेरा उचलणें येथें असभ्य समजतात.

पुलावरून उद्यानाच्या दाराशीं गेल्यावर मात्र आमचें समाधान झालें. रविवार होता. काळ्या चामड्याचीं जाकिटें घालून, कपाळावर केसांचे उंच फुगे काढून कांहीं पुरुष जुन्या अमेरिकन गाण्यांवर नाचत होते. कित्येकांचे केस पिकलेले. नाचून नाचून बुटांचे तळवे झिजलेले; ते चिकटपट्टीनें करकचून बांधले होते. गाणें संपलें तसा त्यांतील एक जण बाजूस येऊन बसला, जुनी पट्टी सोलून काढली, नवी गुंडाळली, आणि पुन्हां उभा राहिला.